इंजिनाची लय

माझे वडील बडोद्याच्या दरबारात गवई होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांच्या पश्चात माझ्या वाट्याला दोन वस्तू आल्या : एक तंबोरा आणि १४८९ सी.सी. इंजिनाची जुनी ॲम्बॅसिडर. तंबोऱ्याची निगा मला ठाऊक होती. गाडीची फिकीर कधी केली नव्हती. आणि गेल्या पावसाळ्यात ती कुरकुरू लागली.

बॉनेटखाली सारखी टिकटिक. एका गॅरेजवाल्याने ऐकताक्षणी निकाल दिला, "बेअरिंग गेलं. सारं इंजिन उघडावं लागेल." त्याने सांगितलेली रक्कम म्हणजे माझी शिकवणीची चार महिन्यांची मिळकत. घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. पण वडील शेवटच्या मैफलीला याच गाडीतून गेले होते. मी ती दांडिया बाजारातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी आधी तेल पाहिले; ते पुरेसे होते. मग म्हणाले, "मास्तर, तुमचा धंदा लयीचा. मोजा की!" त्यांनी फेरे मोजण्याचा मीटर लावला. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत होते. मी चार टिकटिकींची एक मात्रा धरून मांडीवर ताल दिला. मिनिटात ७५ मात्रा भरल्या, म्हणजे ३०० टिकटिकी. फेऱ्यांच्या बरोबर निम्म्या!

"झालं तर," मिस्त्री हसले. "बेअरिंग दर फेऱ्याला ठोकतं. झडपा हलवणारा कॅमशाफ्ट निम्म्या लयीत फिरतो. आवाज वरचा आहे, खालचा नव्हे." खात्रीसाठी त्यांनी एकेका प्लगची तार काढून पाहिली. बेअरिंगचा ठोका असता तर भार उतरताच तो मंदावला असता. टिकटिक तशीच राहिली.

मग झाकण काढून, चालत्या इंजिनात एकेका रॉकरखाली त्यांनी फिलर गेजची पात सरकवली. पाचव्या झडपेशी टिकटिक थांबली. इंजिन निवल्यावर चौथी झडप पूर्ण उघडेपर्यंत ते हाताने फिरवले. आठ झडपांच्या या इंजिनात नवाचा हिशेब असतो : पाचवी जुळवायची तर चौथी उघडी हवी, पहिलीसाठी आठवी. अंतर हवे इंचाचे १५ सहस्रांश. पाहतो तो अंतर अगदी बरोबर!

मी गोंधळलो. मिस्त्रींनी रॉकर सोडवून माझ्या बोटाखाली दिला. झडपेवर टेकणाऱ्या जागी झिजून बारीक खळगा पडला होता. सपाट पात खळग्यावरून पुलासारखी जाई. खरे अंतर मापापेक्षा जास्त असे. रॉकर बदलला, अंतर जुळवले, नि गाडी ताळ्यावर आली. खर्च त्या रकमेच्या दहाव्या हिश्शाइतकाही झाला नाही.

तरी बारीक खुटखुट उरलीच होती. मी म्हणालो, "काका, अजून थोडं आवळा ना. पार गप्प होऊ दे."

त्यांनी पाना खाली ठेवला. "गप्प होईल, नि महिन्या दोन महिन्यांत जळेल. झडप तापली की दांडी लांबते. जागा ठेवली नाही तर ती बैठकीवर टेकत नाही. बैठकीवर टेकूनच तर तिची उष्णता उतरते. थोडी बोलू द्या तिला."

परतताना मला तंबोऱ्याची जवारी आठवली. तारेखालचा दोरा अंमळ इकडेतिकडे झाला की तार मुकी होते. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी गाडी मात्र मला मुकी हवी होती! त्या संध्याकाळी शिकवणीत एक मुलगी तान घेताना जरा रेंगाळली. एरवी मी तिला तिथेच दटावले असते. त्या दिवशी पुरी आवर्तने ऐकून घेतली. ती समेवर आपली आपण आली.

गाडी विकलेली नाही.