पुरस्काराची रिकामी जागा

अमेरिकेतील ‘इमेज ॲवॉर्ड्‌स’ हा टीव्हीवर दिसणारा झगमगाटी सोहळा. पण त्याच्या मुळाशी अपमान आहे. १९४० साली हॅटी मॅकडॅनियल या पहिल्या कृष्णवर्णीय ऑस्कर विजेत्या ठरल्या, तेही मोलकरणीच्या भूमिकेसाठी! समारंभात त्यांना बसवले भिंतीलगत, वेगळ्या टेबलाशी. हा पंगतभेद आपल्याला समजावून सांगायला नको.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेली संघटना म्हणजे एनएएसीपी. तिचे एक संस्थापक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. १९६७ पासून ही संघटना चित्रपट, टीव्ही, संगीतातील आपल्या कलावंतांचा स्वतःच गौरव करू लागली.

१९९० साली मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपट अभिनेत्रीचा पुरस्कार तिने दिलाच नाही. गुणी अभिनेत्री होत्या. हॉलिवूडने त्यांना दमदार भूमिकाच दिल्या नव्हत्या. १९८७ सालीही असेच घडले होते. त्यावर टीका झाली. शिक्षा अभिनेत्रींनाच का, हा प्रश्न रास्तच आहे. पण कशीबशी नावे भरून टाळ्या पिटल्या असत्या, तर निर्मात्यांचा दोष झाकला गेला असता.

भगिनींनो, रात्री घरी मालिका लागते, तेव्हा तीत मालकीण कोण, कामवाली कोण, आणि दोघींची आडनावे काय, एवढे मुलींना शेजारी बसवून जरूर पाहा.