उंबराचा मित्र आणि उंबराचा चोर

क्वचितच भेटणाऱ्या माणसाला मराठीत 'उंबराचे फूल' म्हणतात. वास्तविक उंबराला फुले येतात आणि तीही विपुल. मात्र ती फळासारख्या दिसणाऱ्या बंद कुंभात दडलेली असतात. दोन इवल्याशा गांधीलमाश्या या कुंभाशी जोडलेल्या आहेत. दोघींचा मार्ग मात्र अगदी भिन्न आहे.

पहिली 'सेराटोसोलेन फुसिसेप्स'. उंबराच्या गंधाने आकृष्ट झालेली मादी कुंभाच्या टोकावरील चिंचोळ्या छिद्रातून आत शिरते. या झटापटीत तिचे पंख बहुधा तुटतात. सोबत आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. त्यामुळे काही फुलांत बी धरते, तर काहींत अळ्या पोसल्या जातात. पुढे नव्या पिढीचे बिनपंखी नर कुंभाची भिंत पोखरतात आणि माद्या पराग घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात.

दुसरी 'अपोक्रिप्टा वेस्टवुडी'. ही परजीवी आत जातच नाही. कुंभावर बसून ती केसाहूनही बारीक अंडनिक्षेपकाने भिंत भोसकते आणि आत अंडी घालते. तिच्या अळ्या आतील इतर अळ्यांवर जगतात; परागणात तिचा वाटा शून्य. लाकडासारखी चिवट भिंत ती कशी भेदते? या सुईच्या टोकाशी जस्त असते, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

उंबरावर वावरणाऱ्या तांबड्या मुंग्या बाहेर बसलेल्या या चोराला टिपतात. आत शिरलेला मित्र मात्र त्यांच्या तावडीतून सुटतो. शिवाय परजीवीलाही मित्राचाच आधार आहे. मित्र संपला, तर चोरही उपाशी मरेल.

म्हणूनच खरा धोका परजीवीचा नाही. एका झाडावरील कुंभ बहुधा एकाच सुमारास पिकतात. त्यामुळे बाहेर पडलेल्या मादीला एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरे, योग्य अवस्थेतील झाड गाठावे लागते. शहरात रस्तारुंदीसाठी एकेक उंबर तोडला जातो, तेव्हा ही साखळी विरळ होते. कुंभात कुणी शिरलेच नाही, तर तो बहुधा न पिकताच गळून पडतो. मग तांबट आणि वटवाघळांनी खायचे काय? उंबर फोडताच दिसणारे किडे पाहून नाक मुरडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की त्यांच्यावाचून ते फळ पिकलेच नसते.