डीव्हीडीवर सबटायटल पुसट दिसतात? काम करण्याचा क्रम बदला

लग्नाची किंवा कीर्तनाची डीव्हीडी मागणारी गिऱ्हाईकं अजून आहेत. शूटिंग एचडीत होतं, पण डिस्क घरी लावली की खालची मराठी ओळ पुसट! मग उरलेले पैसे अडकतात आणि तुम्ही कॅमेऱ्याला दोष देता.

कॅमेरा ठीकच असतो. एचडीची फ्रेम १९२० बाय १०८०, आपल्याकडच्या पाल डीव्हीडीची ७२० बाय ५७६. एचडीतच अक्षरं चिकटवून व्हिडिओ लहान केला, तर ४० पिक्सेल उंचीचं अक्षर २१ वर येतं. इंग्रजी अक्षर त्यातही तग धरतं; आपला अनुस्वार, रफार, उकार विरघळतो. वरून एमपेग-२ कॉम्प्रेशन कडा खराब करतं.

म्हणून अक्षरं व्हिडिओत चिकटवूच नका. एसआरटी फाइल वेगळी ठेवा आणि ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल ट्रॅक म्हणून जोडा. हा ट्रॅक एमपेगमधून जात नाही, वेगळं चित्र म्हणून डिस्कवर बसतो. त्यामुळे कडा स्वच्छ राहतात. त्यात एका वेळी चारच रंग, त्यातला एक पारदर्शक. तेव्हा मऊ सावल्या, ग्रेडियंट विसरा. पांढरं अक्षर, काळी किनार, बस्स. फॉन्ट मुक्तासारखा, थोडा जाड घ्या. जोडाक्षरं तुटली तर ओळी पीएनजी चित्रं करून द्या.

नवरीच्या आडनावात चूक निघाली तरी व्हिडिओ पुन्हा रेंडर करायला नको, फक्त डिस्क नव्याने बनवा. तीच एसआरटी यूट्यूबलाही चालते. तिचे पैसे वेगळे लावा. आणि हो, सबटायटल आपोआप सुरू होतील असं सेटिंग ठेवा, नाहीतर आजोबा रिमोट घेऊन बटणं दाबत बसतील.