उणकलचं तळं आणि विहिरीचा हिशेब

हुबळीच्या पाण्याचा इतिहास सांगताना आपण एक क्रम लावतो: आधी उणकलचं तळं, मग 1950च्या दशकातला नीरसागर, मग सौंदत्तीचा रेणुकासागर. या यादीत विहीर कुठंच नाही. माझ्या मते जमाखर्च तिथंच चुकतो.

धारवाड पाणलोटाच्या धारेवर वसलंय. इथली शाल्मला पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, पलीकडच्या उताराचं पाणी मलप्रभा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. मोठी नदी गावात नाही, म्हणून केरे, म्हणजे तळी. (बेंद्र्यांची साधनकेरी त्यातलीच.) तळ्यात पाणी साठायचं तसं झिरपायचंही, खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा आधार. खडक कठीण. पाणी मुरतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत, म्हणजे जमिनीखालची तिजोरी तशी लहानच.

ऑस्कर बर्ट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं 1964 साली भूजल आणि वरचं पाणी यांचा एकत्र हिशेब मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर, पावसाच्या वर्षी तळं वापरा, विहिरीला विसावा द्या. दुष्काळात विहीर उपसा. विहिरीची खरी किंमत लिटरमागच्या भावात नसते, ती विम्यासारखी असते.

आता आकडा बघा. रेणुकासागराची पूर्ण पातळी सुमारे 634 मीटर, धारवाड त्याहून निदान शंभर मीटर वर. एक घनमीटर पाणी शंभर मीटर चढवायला नुसत्या गणितानं 0.27 युनिट वीज लागते. पंपाची आणि नळातली घट धरली की 0.4च्या आसपास. हे बिल पालिकेला दिसतं. बोअरचं बिल घरमालकाला दिसतं. पण खालची पातळी उतरते त्याचं बिल कुणालाच येत नाही!

नळ रोज येत नाही म्हणून लोकांनी बोअर मारले, त्यात त्यांची चूक नाही. पण बोअर धरण भरलेल्या वर्षीही चालूच राहतो, आणि मग विमा आधीच मोडलेला असतो. 2016-17च्या दुष्काळात नीरसागर आटला. शहराजवळचं उणकल तर सांडपाण्यानं आणि जलपर्णीनं पिण्याच्या कामातून कधीच गेलेलं. 2008पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं. तिथल्या बोअरांचं पुढं काय झालं, हे कुणीतरी मोजायला हवं.

जुन्या विहिरींची नोंद करताना आपण कमान, पायऱ्या, शिलालेख लिहितो. सोबत पाण्याची पातळी आणि महिनाही लिहा. दोरी आणि दगड पुरतो.