वैमानिकाची सही आणि तिचे मोल



व्याख्यान आटोपले की वक्त्याभोवती मुलांचे कोंडाळे जमते आणि छोट्या वह्या पुढे येतात, हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. आपल्या वडशाला सहीचा आणखी एक प्रकार ठाऊक आहे. धानाची कापणी उरकली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो आणि गावोगावची मंडळी नाटक ठरवायला इथल्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत येतात. ठरावाच्या कागदावर कंपनीचा मालक सही करतो. तोच जर नट असला तर प्रयोगानंतर एखाद्या पोराच्या वहीतही करतो. हात एकच, अक्षर एकच. परंतु पहिली सही कामाची, दुसरी कौतुकाची. एवढा फरक ध्यानात ठेवा. आजचा विषय त्याच्यावरच उभा आहे.

हा विषय म्हणजे युद्धात लढलेल्या लढाऊ वैमानिकांच्या सह्या. त्या जगभर गोळा केल्या जातात आणि विकल्याही जातात. कोणी म्हणेल, वडशाला विमानाशी काय देणेघेणे? पण आपल्या स्टेशनावरून गाडीत बसून गोंदियाला उतरा. तिथला बिरसीचा विमानतळ १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधलेला आहे. युद्ध ब्रह्मदेशात होते खरे, पण त्याची सावली आपल्या रेल्वेमार्गापर्यंत पोचली होती.

सहीला पैसे पडावेत ही कल्पना पुष्कळांना खटकते. परंतु गांधीजी आपल्या सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करीत, हे आपल्याला माहीत आहे. वैमानिकांच्या बाबतीतही असेच घडले. १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत सुमारे तीन हजार वैमानिक व त्यांचे सहकारी लढले. पुढे त्यांतले हयात असलेले म्हातारे झाले, तेव्हा विमानांच्या चित्रांवर आणि टपालाच्या विशेष पाकिटांवर त्यांच्या सह्या घेण्याची प्रथा पडली. लंडनजवळ हेंडन येथे १९७२ साली उघडलेल्या हवाई दलाच्या संग्रहालयाला अशा पाकिटांच्या विक्रीतून मदत झाली. त्या लढाईतला अखेरचा ज्ञात वैमानिक जॉन हेमिंग्वे मार्च २०२५ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी वारला. आता त्या सह्यांत नव्याने एकाचीही भर पडणार नाही.

मग किंमत ठरते कशी? पराक्रम मोठा तेवढी किंमत मोठी, असे आपल्याला वाटते. बाजाराचा न्याय तसा नाही. दोन्ही पाय गमावूनही लढाऊ विमान चालवणारा डग्लस बेडर १९८२ पर्यंत जगला. जर्मनीचा ॲडॉल्फ गॅलंड १९९६ पर्यंत. दोघांनीही हजारो चाहत्यांना सह्या दिल्या. नाव मोठे, पण माल मुबलक. म्हणून त्यांची साधी सही बेताच्या ऐपतीच्या माणसालाही मिळू शकते. उलट पॅडी फिनुकेन हा आयरिश वैमानिक जुलै १९४२ मध्ये एकविसाव्या वर्षी समुद्रात बुडाला. त्याला सह्या करायला वेळच कुठे मिळाला? आपल्याकडचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय या बंगाली तरुणाने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमाने पाडली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो पडला. वय अवघे एकोणीस. त्याच्या हातचा कागद मिळणे जवळजवळ अशक्य. जो लवकर गेला त्याची सही महाग, असा हा क्रूर हिशेब आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. कोऱ्या कार्डावरची सही सर्वांत खालच्या पायरीवर. छायाचित्रावरची तिच्या वर. युद्धकाळातले, युद्धाविषयी काही सांगणारे पत्र त्याहून वर. आणि या सर्वांच्या वर असते वैमानिकाची उड्डाणवही. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा क्रमांक, कामगिरी आणि तास-मिनिटे अशी प्रत्येक उड्डाणाची नोंद तीत असते, आणि महिनाअखेर वरिष्ठ अधिकारी तपासून सही करतो. सुरुवातीला सांगितलेला फरक इथे उपयोगी पडतो. ही सही कोणी मागितलेली नसते, ती कर्तव्य म्हणून केलेली असते. १९४४ साली इंफाळच्या आघाडीवर अर्जन सिंग एक नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालच्या एखाद्या तरुण वैमानिकाच्या वहीत महिन्याच्या शेवटी त्यांनी केलेली सही आणि पुढे मार्शल झाल्यावर समारंभात कार्डावर केलेली सही, या दोहोंत जाणकार कोणती निवडील हे सांगायला नको.

जिथे पैसा तिथे लबाडी आलीच. सावधगिरीच्या काही युक्त्या साध्या आहेत. बॉलपेन सर्रास मिळू लागले ते १९४५ च्या अखेरीपासून. तेव्हा १९४० ची म्हणून दाखवलेली सही बॉलपेनची असेल तर विक्रेत्याला नमस्कार करून उठावे. भिंगाखाली अक्षर बारीक ठिपक्यांचे दिसले तर ती छापील सही होय. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर-पांढरा झळकला तर तो बहुधा युद्धानंतरचा, कारण कागद उजळवणारी ती रसायने नंतर वापरात आली. खरी सही वाहत्या हाताची असते. नक्कल करणारा अडखळतो, आणि रेघेत कंप किंवा नको तिथे थांबा दिसतो. परंतु या सर्व युक्त्यांहून मोठा पुरावा एकच : हा कागद कोणाकडून कोणाकडे आला याची सलग हकीकत. ती नसेल तर सोबतच्या चकचकीत प्रमाणपत्राला फारसा अर्थ नाही.

आता आपल्या घरात डोकावू. मराठी लढाऊ वैमानिकांची परंपरा लहान नाही. हृषीकेश मुळगावकर १९४० साली हवाई दलात शिरले, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात महावीर चक्राचे मानकरी झाले, १९७६ ते १९७८ दलाचे प्रमुख होते आणि २०१५ साली वारले. १९६५ च्या युद्धात प्रकाश पिंगळे यांना विमानातून उडी घ्यावी लागली. काही दिवसांतच ते पुन्हा आकाशात चढले, शत्रूचे सेबर विमान पाडले आणि वीर चक्र मिळवले. आणि दिलीप परुळकर! डिसेंबर १९७१ मध्ये ते पाकिस्तानात कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सोबत्यांसह रावळपिंडीच्या तुरुंगाची भिंत फोडून ते निसटले आणि खोटी नावे घेऊन लंडी कोतलपर्यंत, अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पोचले. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनाची वाट विचारली. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालेले! जुन्या नकाशाने घात केला आणि तिघेही पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. ऑगस्ट २०२५ मध्ये परुळकर गेले.

यांच्या सह्यांना लंडनच्या लिलावात भाव मिळेल का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. इंग्रजांनी आपल्या वैमानिकांचे चरित्र लिहिले, वह्या जपल्या, हकीकती नोंदवल्या. बाजार त्या मागोमाग आला. आपल्याकडे उड्डाणवह्या ट्रंकेत पडल्या आहेत आणि वारसांना त्यांतल्या खुणा वाचता येत नाहीत. रद्दीवाल्याने दिलेला भाव हाच काय तो त्यांचा बाजारभाव.

आणि काही सह्यांचे मोल कोणत्याच लिलावात निघत नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानवरील हल्ल्यातून परतले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्यासारखे नाव तिकडच्या वृत्तपत्रात छापून आले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, यांनी पुढची अनेक दशके त्यांचा शोध घेतला. त्याच युद्धातले मेजर अशोक सुरी ठार झाल्याचे जाहीर झाले होते. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांच्या वडिलांना मुलाच्या हातची चिठ्ठी मिळाली. तज्ज्ञाने अक्षर ओळखले, आणि सरकारी कागदावरचा ‘ठार’ हा शब्द खोडून ‘बेपत्ता’ असा झाला. हस्ताक्षर म्हणजे तो माणूस होता याची साक्ष. जिथे माणूस परत येत नाही तिथे ती एवढीच साक्ष उरते.

म्हणून हा छंद ज्यांना करायचा असेल त्यांना माझे सांगणे थोडे आहे. १९७१ चे वीर आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. नागपुरात हवाई दलाच्या अनुरक्षण कमानीचे ठाणे आहे. निवृत्त अधिकारी आपल्या भागातही भेटतात. नुसती वही पुढे करू नका. एक प्रश्न विचारा, उत्तर लिहून घ्या आणि त्या उत्तराखाली तारीख-स्थळासह सही मागा. कौतुकाची सही तिथेच कामाची होते. कागदाला डिंक किंवा चिकटपट्टी लावू नका, पाठीमागे टिपण केल्यास पेन्सिलीने करा. वैनगंगेकाठचा पावसाळा, वाळवी आणि कसर यांना इतिहासाची पर्वा नाही. तेव्हा पेटी जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा. आणि हेही ध्यानात असू द्या की पंचाहत्तर वर्षे उलटलेला ऐतिहासिक मोलाचा हस्तलिखित कागद १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. तो विकण्यासाठी कोणी परस्पर परदेशी पाठवू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या उड्डाणवह्या या मर्यादेत आल्याच आहेत.

सहीची किंमत माणूस गेल्यावर वाढते, असे बाजार सांगतो. आपण तिचे मोल माणूस समोर बसलेला असतानाच ओळखावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.