पडद्यामागची विद्या

जर्नल स्क्वेअरला पाथ गाडीतून उतरून न्यूअर्क अव्हेन्यूच्या भारतीय दुकानांकडे जाताना लोज थिएटरची जुनी, भव्य इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. २८ सप्टेंबर १९२९ रोजी उघडलेले हे नाट्यगृह १९८६ मध्ये बंद पडले आणि पाडले जाण्याच्या बेतात होते. नागरिकांनी लढा दिला, १९९३ मध्ये शहराने ते विकत घेतले आणि स्वयंसेवक वर्षानुवर्षे त्याची डागडुजी करीत राहिले. इमारत वाचली, तरी रंगमंच चालवायला जाणते हात लागतात. हा लेख त्या हातांविषयी आहे.

नाट्यगृहाच्या छतापासून लोखंडी नळ्या लोंबत असतात. नळीवर पडदा वा देखावा टांगतात आणि दोराच्या दुसऱ्या टोकाच्या चौकटीत लोखंडी वजने रचून तोल साधतात. देखावा उतरवताना आधी वजने काढायची, मग देखावा सोडायचा. हा क्रम चुकला, तर वजनांची चौकट वरून सुसाट खाली येते आणि तिच्याखाली माणूस असू शकतो.

ही विद्या इथेही दीर्घकाळ बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जात असे. रंगमंच कामगारांची ‘आयएटीएसई’ ही संघटना १८९३ ची. पण कारागिरांच्या जुन्या संघटनांत नात्यागोत्याबाहेरच्या माणसाला शिरकाव कठीणच होता. (हे वाचताना आपल्याला काही ओळखीचे वाटले, तर नवल नाही.) २००५ पासून रिगर आणि रंगमंचीय विद्युत-तंत्रज्ञ यांच्यासाठी उद्योगाने लेखी प्रमाणपत्र परीक्षा सुरू केल्या. पदवीची अट नाही. कामाच्या अनुभवाचेही गुण धरले जातात. प्रमाणपत्र पाच वर्षे टिकते, नंतर नूतनीकरण करावे लागते. २०११ मध्ये संघटनेचा प्रशिक्षण निधी उभा राहिला. त्यात मालकवर्ग करारानुसार वर्गणी भरतो आणि कामगार सुरक्षिततेचे वर्ग करतात.

मी संगणक अभियंता. माझ्या प्रमाणपत्रांचा खर्च कंपनी उचलते, आणि म्हणूनच बहुधा आमच्या मंडळींनी एका जयंतीला ध्वनी-प्रकाशाची जबाबदारी मला दिली. भारतात २३० व्होल्टवर हजार वॉटचा दिवा साधारण साडेचार अँपिअर घेतो. इथे १२० व्होल्टवर तोच आठांहून अधिक घेतो. हे गणित मी कागदावर सहज केले असते, सभागृहात मात्र केले नाही. शिवाय लांब केबल गुंडाळीतच ठेवून व्यासपीठाखाली सरकवली. भीमगीते रंगात आली असताना रबराचा वास आला. एका मावशींनी ‘काहीतरी जळतंय रे बाळा’ म्हणून हाक मारली नसती, तर पुढचे मला लिहावेसे वाटत नाही. गुंडाळलेल्या केबलमधील उष्णता बाहेर पडत नाही, हे प्रशिक्षित तंत्रज्ञ अगदी सुरुवातीलाच शिकतो.

बाबासाहेबांनी कौशल्याच्या या दारावर वारंवार बोट ठेवले. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तिथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी त्यांनी हा प्रश्न मांडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी दाखवून दिले की, आपली माणसे गँगमनच राहतात. त्यांना साधे पोर्टरही होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना तांत्रिक प्रशिक्षण हा त्यांच्याच खात्याचा विषय होता.

महाराष्ट्रात आजही बहुतेक रंगमंच कामगार पाहून-पाहून शिकतो आणि प्रयोगागणिक ‘नाइट’ घेतो. त्याचा हात तयार असतो, पण तो तयार आहे असे सांगणारा कागद नसतो. २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा नाइटही बंद झाली.

आपल्या मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या १४ एप्रिलच्या फुलांच्या आणि कमानीच्या खर्चातून थोडी रक्कम काढून दोन तरुणांना, त्यातही एखाद्या मुलीला, रंगमंच-सुरक्षेच्या दहा तासांच्या वर्गाला पाठवावे. तोवर केबल मीच सोडवून ठेवीन, संपूर्ण लांबीने.