डिझेलचा काटा खोटं बोलतोय? ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी हे तपासा

रात्रीचे दोन वाजलेले. बेळगावहून कोल्हापूरकडे निघालेला भरलेला ट्रक तवंदी घाटात गचके द्यायला लागतो आणि चढावरच बंद पडतो. मीटरवरचा काटा मात्र पाव टाकी दाखवतोय. क्लीनर टाकीचं झाकण उघडून आत काठी घालतो, तर काठी कोरडीच बाहेर येते. सकाळी मालकाचा फोन: "काटा पाव दाखवत होता म्हणतोस, मग डिझेल गेलं कुठं?"

सीमाभागातल्या ट्रकवाल्यांना हा प्रसंग नवा नाही. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांत कर वेगवेगळे, त्यामुळे डिझेलचे दरही वेगळे. दर कमी तिथं टाकी भरायची आणि पुढचं राज्य त्याच डिझेलवर काढायचं, हा इथला रोजचा हिशेब. तो हिशेब काट्यावर चालतो. काटाच चुकला की गाडी घाटात अडकते, अ‍ॅव्हरेज बिघडलेलं दिसतं आणि पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. बऱ्याचदा दोष असतो एका गंजलेल्या वायरीचा.

काटा चालतो कसा?

डिझेल टाकीच्या वरच्या बाजूला एक गोल झाकण स्क्रूने बसवलेलं असतं. त्याखाली टाकीत उतरलेली एक दांडी आणि दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. गॅरेजमध्ये या अख्ख्या भागालाच फ्लोट किंवा टँक युनिट म्हणतात. डिझेल खाली गेलं की फ्लोट खाली जातो, दांडी फिरते आणि तिला जोडलेला स्लायडर एका पट्टीवरून सरकतो. त्यामुळे विजेचा रेझिस्टन्स बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा त्यानुसार हलतो.

म्हणजे या कामात चार भाग आहेत: टाकीतला फ्लोट, तिथून डॅशबोर्डपर्यंतची वायर, चॅसीचं अर्थिंग आणि खुद्द मीटर. यातला कुठलाही एक बिघडला की काटा चुकतो. म्हणून थेट नवा फ्लोट आणण्याआधी दोष नेमका कुठं आहे ते शोधणं शहाणपणाचं.

आधी लक्षण ओळखा

- काटा कायम शून्यावर किंवा कायम फुलवर: वायर तुटली आहे, चॅसीला घासून शॉर्ट झाली आहे, कपलर सुटला आहे किंवा फ्लोट अडकला आहे. मीटरमधले इतर काटेही मेले असतील तर आधी फ्यूज पाहा.
- काटा उड्या मारतो: पट्टी झिजली आहे किंवा अर्थिंग ढिलं आहे. घाटात, वळणावर डिझेल हिंदकळतं तेव्हा काटा थोडा हलणारच. सपाट रस्त्यावरही तो स्थिर होत नसेल तर दोष आहे.
- एका ठरावीक जागेपर्यंत बरोबर, पुढं हलेना: दांडी वाकून टाकीतल्या आडव्या पत्र्याला अडकते आहे किंवा पट्टी नेमकी तिथंच खराब झाली आहे.
- टाकी फुल भरली तरी पाऊणच दाखवतो: दांडी वाकली, फ्लोटमध्ये डिझेल शिरलं, अर्थिंग कमजोर झालं किंवा दुसऱ्याच मॉडेलचा फ्लोट बसवला आहे.
- डिझेलचा आणि इंजिन टेम्परेचरचा असे दोन्ही काटे एकदम चुकतात: दोष बहुधा टाकीत नाही. मीटरला येणारा करंट किंवा मीटरचं अर्थिंग तपासा.

पहिलं काम: टाकीत पट्टी घाला

काटा खरा की खोटा, हे ठरवायला आधी टाकीत खरं डिझेल किती आहे ते कळलं पाहिजे. गाडी सपाट जागेवर उभी करा. स्वच्छ, कोरडी लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तळापर्यंत सरळ उतरवा आणि ओल किती सेंटिमीटरपर्यंत आली ते मोजा.

चौकोनी टाकीचा हिशेब सोपा. लांबी, रुंदी आणि डिझेलची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि १००० ने भागा, की लिटर आले. टाकी आतून १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ५० उंच असेल तर ती ३०० लिटरची. तिच्यात दर सेंटिमीटरला ६ लिटर बसतात. पट्टी २० सेंटिमीटर ओली झाली तर डिझेल १२० लिटर.

आडव्या गोल टाकीत मात्र फसायला होतं. तळाला ती निमुळती असते. उंचीच्या पावपर्यंत डिझेल असलं तरी प्रत्यक्षात ते पाव टाकी नसतं, साधारण १९.६ टक्केच असतं. ३०० लिटरच्या गोल टाकीत ७५ लिटर आहेत असं वाटतं, तेव्हा असतात सुमारे ५९. हा १६ लिटरचा फरक म्हणजे लिटरला ४ किलोमीटर देणाऱ्या गाडीचे ६४ किलोमीटर. निपाणीहून कोल्हापूर गाठूनही उरतील एवढे. इथं चोरी कुणीच केलेली नसते, हिशेबच चुकलेला असतो.

पाच मिनिटांची चाचणी

ही चाचणी जुन्या, साध्या काट्याच्या मीटरसाठी आहे. दोन माणसं लागतात: एक टाकीजवळ, एक केबिनमध्ये.

१. किल्ली बंद करून फ्लोटवरची मीटरची वायर काढा. ती कशालाही टेकू देऊ नका. किल्ली चालू करा. काटा एका टोकाला जायला हवा.

२. आता तीच वायर चॅसीच्या खरवडलेल्या, स्वच्छ लोखंडाला काही सेकंदच टेकवा. काटा दुसऱ्या टोकाकडे निघायला हवा. कोणत्या वेळी फुल आणि कोणत्या वेळी शून्य, हे गाडीगाडीत वेगळं असतं. काही बनावटींत टाकी रिकामी असताना रेझिस्टन्स २४० ओहम आणि फुल असताना ३३ ओहम असतो. काहींत याच्या उलट, रिकाम्याला १० आणि फुलला १८० ओहम.

३. काटा दोन्हीकडे गेला, तर मीटर आणि वायर ठीक आहेत. दोष फ्लोटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये.

४. काटा जागचा हललाच नाही, तर वायर किंवा मीटर. हीच चाचणी मीटरच्या मागच्या टोकाला करा. तिथं काटा हलला तर मधली वायर तुटलेली आहे. तिथंही हलला नाही तर मीटरचा करंट तपासा. करंट येत असेल तर मीटरच गेलं.

फ्लोटवर धोक्याच्या दिव्याची वेगळी वायर असते. चुकून तीच काढली तर सगळी चाचणी फसते. वायरीचा रंग आधी लिहून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा.

सगळ्यात जास्त फसवतं ते अर्थिंग

टाकी बसते चॅसीच्या बाजूला. पावसाळ्यातला चिखल, उसाच्या फडातली माती, कोकणपट्टीतली खारी हवा, सगळं तिच्यावरच येतं. कपलरमध्ये पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात आणि करंटला अडथळा होतो. फ्लोट चांगला असूनही काटा चुकायला लागतो.

तपासणी सोपी आहे. वायर परत जोडा. एक जादा वायर घेऊन तिचं एक टोक फ्लोटच्या धातूच्या झाकणाला किंवा अर्थ पिनेला लावा आणि दुसरं चॅसीला. काटा जागेवर आला तर दोष अर्थिंगचाच. मल्टिमीटर असेल तर किल्ली चालू ठेवून फ्लोटची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात व्होल्ट मोजा. आकडा जवळपास शून्य हवा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोड उघडा, घासून साफ करा आणि घट्ट बसवा. टाकी प्लॅस्टिकची असेल तर अर्थची वेगळी वायर असतेच, ती आधी पाहा.

फ्लोट बाहेर काढताना

"डिझेल कुठं पेटतंय?" असं म्हणत बिडी ओढत टाकी उघडणारे आहेत. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असतो. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेली टाकी याच्या सहज पुढं जाते. म्हणून बॅटरीची वायर काढा, जवळ आग, बिडी, वेल्डिंग काही नको आणि काम सावलीत करा. डिझेल संपलेली टाकी वाफेने भरलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याची.

झाकणाभोवतीची माती आधी झाडून घ्या, नाहीतर ती थेट टाकीत जाते. झाकण कोणत्या दिशेला बसलं होतं त्याची खूण करा. फ्लोट तिरका करून सांभाळून काढा. ओढला तर दांडी वाकते.

बाहेर काढल्यावर तीन गोष्टी पाहा. फ्लोट कानाजवळ हलवा. आत डिझेल खळखळलं तर तो फुटलाय. दांडी वरखाली करा. कुठंही अडकता कामा नये. मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी सावकाश फिरवा; आकडा एकसारखा बदलत जायला हवा. मध्येच उडी मारली किंवा आकडा गायब झाला तर पट्टी गेली, युनिट बदला. बसवताना गॅस्केट नवं घाला, नाहीतर पावसाचं पाणी टाकीत उतरतं.

टाकी बदलून मोठी बसवली असेल तर फ्लोटही त्या टाकीच्या खोलीचाच हवा. दांडी आखूड असेल तर फ्लोट तळापर्यंत पोचत नाही आणि टाकी कोरडी झाली तरी काटा थोडं डिझेल दाखवत राहतो. टाकीचा तळ दगड लागून चेपला असेल तरीही हिशेब चुकतो.

नव्या गाड्यांचं काय?

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत मीटर इलेक्ट्रॉनिक असतं. डिझेल हिंदकळलं तरी काटा उडू नये म्हणून ते आकडा मुद्दाम सावकाश बदलतं. त्यामुळे डिझेल भरल्यावर काटा लगेच वर गेला नाही तर घाबरू नका, थोडा वेळ द्या. या गाड्यांत वायर चॅसीला टेकवण्याची चाचणी करू नका, मीटर किंवा कंट्रोल युनिट जळू शकतं. स्कॅनर लावून एरर कोड पाहणं हाच मार्ग. कपलर, अर्थिंग आणि पट्टीची तपासणी मात्र तशीच करता येते.

रस्त्यातच डिझेल संपलं तर

इंजिन एअर धरतं. आधी पुरेसं डिझेल घाला, मग हँड पंपाने एअर काढा आणि स्टार्टर एका वेळी १०-१५ सेकंदच मारा, मध्ये थांबा. कॉमन रेल इंजिनाचे हाय प्रेशरचे पाइप ढिले करू नका. त्यात १००० बारच्या वर प्रेशर असतं, धार कातडी फोडून आत शिरते. शिवाय त्या पंपाला वंगण डिझेलचंच. टाकी वारंवार कोरडी पडली तर पंपाचा खर्च फ्लोटच्या कितीतरी पट बसतो.

काटा दुरुस्त झाला, पुढं?

टाकी पुढच्या वेळी रिकामी होत आली की २०-२० लिटर डिझेल भरत जा. दर वेळी काटा कुठं आला आणि पट्टी किती ओली झाली, ते वहीत लिहा. ही यादी केबिनमध्ये चिकटवा. अ‍ॅव्हरेज मात्र काट्यावर कधीच काढू नका. एकदा टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि तेवढ्या लिटरने किलोमीटरला भागायचं.

वही एक, सही दोघांची: मालकाची आणि ड्रायव्हरची. डिझेल खरंच कमी झालं असेल तर या वहीत ते दिसेल. नसेल झालं, तर घाटात रात्र काढलेल्या माणसाला सकाळी सफाई द्यावी लागणार नाही.